मुस्तफा, हनुमान आणि साडेतीन इंचांचा पडदा

तिशी-चाळिशीतल्या माणसाला जुने टीव्ही गेम पुन्हा खेळायची हुक्की आली की त्याच्यासमोर दोन यंत्रे हमखास ठेवली जातात. पहिले ॲनबर्निक कंपनीचे आरजी ३५ एक्सएक्स एच. जानेवारी २०२४ च्या सुमारास आलेले, साडेतीन इंची पडद्याचे, शर्टाच्या खिशात मावणारे आणि तेव्हाच्या भावाने साठ-सत्तर डॉलरचे. दुसरे रेट्रॉइड पॉकेट ५. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेले, साडेपाच इंची ओलेड पडद्याचे, अँड्रॉइडवर चालणारे, तेव्हाची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास. दोन्ही चिनी, दोन्ही जुन्या गेमसाठी घडवलेली, आणि किमतीत तिपटीचा फरक. यातले कोणते घ्यावे याची चर्चा जगभर एकाच पद्धतीने चालते: चिप कुठली, रॅम किती, पंखा आहे की नाही. चर्चा चुकीची नाही, पण ती ज्यांच्यासाठी चालते त्यांचे बालपण ओहायोत किंवा ओसाकात गेलेले असते. हैदराबादेतल्या सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडीच्या घरांत वाढलेल्या माणसाने त्या चर्चेवरून यंत्र घेतले, तर बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतो.

कारण साधे आहे. आपल्याकडे गेम आले ते उशिरा, तुटक आणि आडवाटेने. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये आला. आपल्या घरांत तो त्या नावाने फारसा आलाच नाही. नव्वदच्या दशकात आल्या त्या त्याच्या नकला: सामुराई, लिटल मास्टर, मायक्रो जीनियस, टर्मिनेटर. आत तीच आठ-बिटी रचना, वर खोचायची 'कॅसेट', आणि कॅसेटवर लाखांच्या घरातला आकडा. प्रत्यक्षात गेम मोजकेच. बाकी तेच ते, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. सुट्टीत अजिंठा एक्स्प्रेसने परभणी-नांदेडहून मामे-आतेभावंडे यायची, तेव्हा सामानात एखादी वेगळी कॅसेट असणे ही मोठी गोष्ट होती. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४, सेगा सॅटर्न, ड्रीमकास्ट ही मधली सगळी पिढी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलीच नाही. सेगाचा मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसने भारतात आणला होता, पण तो ज्याच्या घरी असे त्याच्या घरी आपण जात असू, एवढीच त्याची ओळख. तेव्हा आपली आठवण म्हणजे घरातली आठ-बिटी कॅसेट आणि रस्त्यावरचे पार्लर. त्यापुढे थेट प्लेस्टेशन.

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे घेतलेले सोंग. सोंग वठवायला मूळ पात्राच्या कित्येक पट ताकद लागते, कारण नव्या चिपला जुन्या चिपची प्रत्येक हालचाल समजून घेऊन आपल्या भाषेत करून दाखवावी लागते. फॅमिकॉमचा प्रोसेसर चालायचा १.७९ मेगाहर्ट्झवर. ॲनबर्निकमधल्या एच ७०० चिपला चार गाभे आहेत, प्रत्येकी दीड गिगाहर्ट्झचे. म्हणजे काँट्रा किंवा मारिओसाठी हे छोटे यंत्रसुद्धा अंमळ जास्तच आहे. तिथे रेट्रॉइडची सगळी ताकद फुकट जाते.

उलट पडद्याच्या बाबतीत छोटेच सरस ठरते, आणि हे गणित मला फार आवडते. ॲनबर्निकचा पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, चारास तीन या जुन्या टीव्हीच्या प्रमाणातला. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४०. त्याची बरोबर दुप्पट केली तर ५१२ बाय ४८०, म्हणजे उंची काठोकाठ भरते आणि एकही ठिपका अर्धवट राहत नाही. मेगा ड्राइव्हचे ३२० बाय २२४ दुप्पट केले तर ६४० बाय ४४८, इथे रुंदी काठोकाठ. किंग ऑफ फायटर्स आणि मेटल स्लग ज्यावर चालायचे त्या निओ जिओचेही जवळपास असेच. रेट्रॉइडचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे सोळास नऊ. त्यावर चारास तीनचे चित्र मधे बसते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात; साडेपाच इंचांपैकी हाती लागतात कर्णाने साडेचार. ओलेड असल्याने ते पट्टे खरोखर काळे दिसतात, एवढे समाधान. तरीही साडेचार म्हणजे साडेतीनपेक्षा एक इंच जास्त. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना तो इंच कळतो, हे मान्य करायला हवे.

आता एक बारकावा, जो परदेशी परीक्षणांत सहसा नसतो. आपण ऐकलेला काँट्रा आणि अमेरिकेतल्या मुलाने ऐकलेला काँट्रा हे एकसारखे नव्हते. मूळ यंत्र अमेरिका-जपानच्या टीव्हीसाठी सेकंदाला साठ चित्रे काढायचे. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, पन्नासवाले. युरोपात निन्टेन्डोने पालसाठी बदल केला तेव्हा बरेच गेम आणि त्यांचे संगीत संथ झाले. नकला करणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली: चित्रे पन्नासच, पण प्रोसेसरचा वेग मूळच्या जवळ. रशियात 'डेंडी' नावाने खपलेली नक्कल याच जातीची, म्हणून एम्युलेटरमध्ये या पद्धतीला डेंडी हेच नाव पडले आहे. दुसरे असे की, कित्येक नकली चिपांमध्ये ध्वनीच्या दोन प्रकारच्या लहरींची अदलाबदल झालेली असे. त्यामुळे सूर तोच, पण आवाजाचा पोत वेगळा, जरा नाकातला. म्हणून नवे यंत्र घेऊन पहिल्यांदा गेम लावल्यावर अनेकांना वाटते, काहीतरी बिनसले आहे, आपल्या घरी असे वाजत नव्हते. बिनसलेले तेव्हा होते, आता नाही. एफसीईयूएमएम नावाच्या एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून 'डेंडी' निवडता येतो आणि ध्वनिलहरींची अदलाबदलही चालू करता येते. दोन कळा दाबल्या की सोंग मूळ पात्राचे न राहता नकलेचे होते, म्हणजे आपले होते. हे दोन्ही यंत्रांवर होते. पैशाचा इथे संबंध नाही.

पार्लरची गोष्ट थोडी अवघड आहे. हैदराबादच काय, नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत ज्याने रुपयाचे नाणे टाकून गेम खेळले आहेत त्याला 'मुस्तफा' सांगावा लागत नाही. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावावरून आपण अख्ख्या गेमचे बारसे केले. मूळ नाव कित्येकांना इंटरनेट आल्यावर कळले. या गेमच्या बोर्डात एक बॅटरी असायची. आवाज सांभाळणाऱ्या चिपचा कार्यक्रम कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिकून राही. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड कामातून जातो. चोरून नकला होऊ नयेत म्हणून केलेली ही सोय, पण तिच्यामुळे मूळ यंत्रेच आपोआप मरत गेली. शिवाय गेम मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर बेतलेला, त्यामुळे हक्कांची गुंतागुंत. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारधाडीच्या सात गेमांचा संच नव्याने विकायला काढला. फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता, मुस्तफा नव्हता. भारतात बहुधा सर्वात जास्त नाणी गिळलेला हा गेम आज जिवंत आहे तो एम्युलेटरमुळेच.

ॲनबर्निकला तो सहज झेपतो. या बोर्डाचे चित्र ३८४ ठिपके रुंद असल्याने दुपटीचे गणित जमत नाही, कडा किंचित मऊ दिसतात. रेट्रॉइडवर ठिपके इतके बारीक आहेत की हा दोष नजरेत येत नाही. खरी कटकट दुसरीकडे आहे. पार्लरचे गेम कॅसेटच्या गेमांसारखे एका फाइलचे नसतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या पार्लर-गेमांच्या एम्युलेटरच्या दर आवृत्तीत फाइलींचा हिशेब थोडा बदलतो, आणि एका आवृत्तीचा गेम दुसरीवर रुसून बसतो. लोक यंत्राला दोष देतात. महागडे यंत्र घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मुस्तफाची गंमत तिघांनी मिळून खेळण्यात होती. खांद्याला खांदा लावून, एकाने दुसऱ्याचे जेवण पळवून. हातात धरायच्या यंत्रात ते हरवते. ॲनबर्निकला छोट्या एचडीएमआयची सोय आहे आणि ब्लूटूथही. टीव्हीला जोडा, दोन-तीन कंट्रोलर लावा, दिवाळीत जमलेल्या पोरांना बसवा. रेट्रॉइडही यूएसबी-सीमधून टीव्हीवर चित्र देतो. या कामात दोघांत फार डावे-उजवे नाही, फक्त पोरांच्या हातात साठ डॉलरचे यंत्र देताना छाती कमी धडधडते.

इथपर्यंत कौल उघड आहे. आठ-बिटी कॅसेट, मेगा ड्राइव्ह, गेमबॉय, पार्लर, पहिले प्लेस्टेशन: हे सारे स्वस्त यंत्र बिनतक्रार करते. त्याहून लहान हवे असेल तर २०२३ चे मियू मिनी प्लस आहे. उभ्या ठेवणीचे, गोंडस, पण त्याला ॲनालॉग काड्या नाहीत आणि रॅम अवघी १२८ एमबी. निन्टेन्डो ६४ आणि ड्रीमकास्ट ॲनबर्निकवर गेमागणिक चालतात किंवा अडखळतात, पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलचे हलके गेम चालतात, जड गेम रखडतात. पण ज्या यंत्रांची आपल्याला आठवणच नाही, ती अडखळली तर बिघडले काय?

मग दोनशे डॉलरचे यंत्र घ्यायचे कशासाठी? हैदराबादकरासाठी याचे एक उत्तर आहे, आणि ते जरा खट्याळ आहे: हैदराबादेत बनलेल्या गेमांसाठी.

भारतात प्लेस्टेशन २ फार उशिरापर्यंत खपत होता. पुढचे यंत्र बाजारात आले तरी मध्यमवर्गाला परवडणारे तेच. म्हणून सोनीने २००९ च्या सुमारास खास भारतासाठी गेम काढायचे ठरवले. त्यातला 'हनुमान: बॉय वॉरियर' घडवला हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने, प्लेस्टेशनसाठी संपूर्णपणे भारतात बनलेला पहिला गेम म्हणून त्याची नोंद होते. त्याच वर्षीचा 'देसी अड्डा', कबड्डी-पतंगबाजी असे गल्लीतले खेळ असलेला, हैदराबादच्याच गेमशास्त्राचा. तो प्लेस्टेशन २ वर आणि पीएसपीवरही निघाला. गेमशास्त्रानेच पुढे शाहरुख खानच्या 'डॉन २' वर गेम केला. तो २०१३ मध्ये आला, म्हणजे प्लेस्टेशन २ च्या अगदी शेवटच्या गेमांपैकी एक. हनुमानाला परीक्षकांनी फाडून खाल्ले, अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने देवाला बटणांनी नाचवण्यावर आक्षेप घेतला, आणि हे गेम विस्मरणात गेले. चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण या शहरात आज मोबाइल गेमच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत, गेम बनवणाऱ्यांची परिषद इथल्या एचआयसीसी या परिषद-केंद्रात भरत आली आहे, आणि तरी या शहराचा पहिला कन्सोल गेम कुणाला दाखवायचा तर दाखवता येत नाही.

तो दाखवायचा तर प्लेस्टेशन २ चे सोंग घ्यावे लागते, आणि ते सोंग अवघड आहे. मूळ प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झच्या आतबाहेरचा, पण त्याच्या जोडीला गणिताची दोन स्वतंत्र एकके, शिवाय चित्राची वेगळी चिप, आणि या सगळ्यांनी एकमेकांशी क्षणाक्षणाला ताल धरायचा. एच ७०० तिथे हात टेकते. रेट्रॉइडमधली स्नॅपड्रॅगन ८६५, एकेकाळची वरच्या दर्जाच्या फोनमधली चिप, बहुतेक गेम पूर्ण वेगाने चालवते, तेही मूळपेक्षा स्पष्ट चित्रात. पंखा मात्र फिरू लागतो आणि पाच हजार एमएएचची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. यातली कच्ची कडी यंत्र नाही, एम्युलेटर आहे: अँड्रॉइडवरच्या एथरएसएक्स २ च्या निर्मात्याने २०२३ मध्ये काम थांबवले, आणि आज लोक वापरतात ती त्याचीच डागडुजी केलेली आवृत्ती, नेदरएसएक्स २. एखादा गेम तिथे अडला तर दुरुस्त करायला मूळ निर्माता नाही. देसी अड्डाची पीएसपी आवृत्ती हाती लागली तर गोष्ट सोपी होते. पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर २०१२ पासून नेटाने सुधारतो आहे, आणि पीएसपीचे ४८० बाय २७२ चित्र चौपट केले की रेट्रॉइडचा पडदा जवळपास काठोकाठ भरतो.

तिसरा पर्याय खिशातच आहे, आणि विक्रेते तो सांगत नाहीत. गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन असेल, तर रेट्रॉइडमधली चिप आणि फोनमधली चिप यांत फार अंतर नाही. दोन्ही बाजूंनी फोनला कवेत घेणारा कंट्रोलर लावला की काम होते. ॲपलनेही एप्रिल २०२४ पासून आयफोनवर एम्युलेटरला वाट मोकळी केली. यात वाईट एवढेच, की मुस्तफाने शेवटच्या राक्षसावर उडी घेतली की नेमका बँकेचा ओटीपी येतो. माझ्या मते फोन आणि स्वस्त ॲनबर्निक ही जोडी रेट्रॉइडपेक्षा शहाणपणाची: हलके काम छोट्या यंत्रावर, जड काम फोनवर. एकच वस्तू घ्यायची आणि प्लेस्टेशन २ चे वेड खरे असेल, तरच रेट्रॉइड.

खरेदीचे मात्र इथे त्रांगडे आहे. ही यंत्रे जिथून जग मागवते ते अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. उरतात दोन मार्ग. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट मागवा, म्हणजे कुरिअर, सीमाशुल्क आणि वर जीएसटी. यंत्र दारात येईपर्यंत किंमत चांगलीच फुगते आणि साठ डॉलरवाल्या यंत्राला ती जास्त बोचते. किंवा आधीच आणून ठेवणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या. सिकंदराबादच्या पार्कलेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरात, म्हणजे आपल्या सीटीसीत, किंवा कोटीच्या गुजराती गल्लीत असली यंत्रे दिसतात, पण नीट पाहून घ्यावीत. ओळखीच्या आकाराच्या प्लास्टिकच्या खोक्यात कुठलीही चिप घालून "हौ, वहीच है" म्हणत विकायची प्रथा जुनी आहे. यंत्र चालू करून चिपचे नाव पाहा, दोन कार्डांच्या खाचा आहेत का पाहा, प्लेस्टेशनचा एखादा गेम पाच मिनिटे चालवा. सोबत येणारे मेमरी कार्ड बाजूला ठेवा. असली कार्डे लवकर दगा देतात आणि जाताना सेव्ह केलेले सगळे घेऊन जातात. नामांकित कंपनीचे कार्ड घ्या, त्यावर मुओएस किंवा नुली ही हौशी लोकांनी बनवलेली प्रणाली टाका. ॲनबर्निकच्या मूळ प्रणालीपेक्षा दोन्ही उजव्या आहेत. आणि एप्रिल-मेच्या उन्हात यंत्र गाडीत विसरू नका, लिथियमची बॅटरी फुगायला तेवढे पुरते.

त्या फुकट कार्डावर हजारो गेम भरलेले असतात, आणि ते चोरीचे असतात, हेही सरळ सांगायला हवे. एम्युलेटर स्वतः बेकायदा नाही. अमेरिकेत सोनीने २००० च्या सुमारास कनेक्टिक्स आणि ब्लीम या कंपन्यांवर खटले भरले आणि दोन्हींत न्यायालयाने एम्युलेटरवाल्यांना मोकळीक दिली. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५२ मध्ये रीतसर घेतलेल्या संगणकीय आज्ञावलीची प्रत, ती वापरण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठी, काढू देतो. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे मात्र २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. कायद्याच्या बाजूने चालायचे तर आपल्या मालकीच्या कॅसेटची, आपल्या डिस्कची प्रत. अडचण अशी की विकत घ्यायला वस्तूच नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत असे आढळले. ऑरोना आणि गेमशास्त्राचे गेम त्या मोजणीत धरलेही नसतील.

कॅसेटच्या बाबतीत आपली बाजू मुळातच लंगडी आहे. आपल्या घरातली लाखगेमी कॅसेट हीच चोरीची होती. हनुमान आणि डॉन २ च्या डिस्क मात्र अधिकृत होत्या, पावती करून विकल्या गेल्या, आणि जुन्या सामानाच्या बाजारात अजून सापडू शकतात. प्लेस्टेशन २ ची डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, तिची प्रत काढायला दुसरे काही लागत नाही. एम्युलेटरला लागणारी बायोस फाइल मात्र आपल्याच जुन्या कन्सोलमधून काढायला हवी. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. तेव्हा ज्याला रेट्रॉइड घ्यायचाच आहे त्याने आधी सीटीसीतून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा, माळ्यावरचा प्लेस्टेशन २ चालतो का पाहावा, आणि डिस्क हाती लागल्यावरच दोनशे डॉलरचा विचार करावा. तोवर मुस्तफासाठी छोटे यंत्र पुरे आहे.